खांबावरचं मीठ

शिपायानं टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं दोनच शब्द होते, 'लवू, मालवण', आणि खाली कामाच्या रकान्यात दरवानानं आपल्या अक्षरात 'खाजगी' असं लिहिलं होतं. गुरुदासनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि फाइलींच्या गठ्ठ्याखाली सरकवली. "बसवा त्यांना बाहेर," तो म्हणाला, "मी बोलावतो." शिपाई घुटमळला. "म्हातारा नऊ वाजल्यापासून खाली उभा होता साहेब. दरवान वर सोडत नव्हता." "बसवा म्हटलं ना." शिपाई गेला. अर्ध्या उंचीचं झुलतं दार दोनदा हललं आणि थांबलं. त्या दाराखालून व्हरांड्यातल्या बाकाचे पाय दिसत. थोड्या वेळानं त्यांच्या शेजारी आणखी दोन पाय आले. टायरच्या चपला, धुळीनं पांढुरके झालेले घोटे, आणि तळव्याच्या आतल्या कडेला चामड्यासारखे घट्टे. गुरुदासनं समोरची फाइल उघडली. ती कसली आहे हे त्याला पहिली दोन पानं उलटली तरी समजलं नाही. सव्वाअकरा वाजले होते. दोन मिनिटांत बोलावता आलं असतं. पण त्याच्या हातून घंटी वाजली नाही.

वीज खात्यातलं त्याचं काम सांगायला सोपं होतं. वीज नेणारं सामान, म्हणजे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, चिनी मातीचे इन्सुलेटर, यांतलं कुठलं घेतलं तर आपल्यासारख्या देशाला परवडेल हे तो ठरवायचा. स्वस्त सामान लवकर मरतं, महाग सामान उशिरा. मधल्या वर्षांत काय काय खर्च होईल ते मांडायचं आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ लिहायची, की अमुक घेणं किफायतशीर. सतरा वर्षं तो अशा शेवटच्या ओळी लिहीत आला होता. त्याच्या तक्त्यांमध्ये प्रत्येक वस्तूला आयुष्य दिलेलं असे. सागाच्या खांबाला इतकी वर्षं, पोलादाच्या खांबाला इतकी, ट्रान्सफॉर्मरला पंचवीस. एकदा दाढी करताना त्याच्या मनात आलं, की आपण पन्नाशी ओलांडली, म्हणजे या महिन्यात बसवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्याला पोचवून मागे उरेल. त्याचं त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही. फक्त ब्रश धरलेला हात जड झाला, आणि उरलेली अर्धी दाढी करायची आहे या विचारानंच तो दमून गेला. हल्ली हे असंच होई. जिना चढून नव्हे, तर आता जिना चढायचा आहे या नुसत्या विचारानं दम लागे.

पासष्ट सालच्या जानेवारीत त्याला मालवणला पाठवलं ते मुख्य अभियंता दिघेसाहेबांनी. "तुम्ही तिकडचे ना? भाषा येते तुम्हाला," ते म्हणाले होते. तिकडचे म्हणजे धामापूरचे. पण नवव्या वर्षी गाव सुटलं ते सुटलंच. आठवणीत होतं ते तळं, भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या थेट त्या पाण्यात उतरतात तिथला शेवाळाचा वास, आणि गाव सोडलं तो दिवस. बोट मालवणच्या बंदरापासून दूर, खोल पाण्यात उभी राहायची आणि होडीतून तिच्यापर्यंत जावं लागायचं. होडीत चढवताना एका खलाश्यानं त्याला खांद्यावर उचलून घेतलं होतं. तो माणूस कोण, त्याचं तोंड कसं, काही आठवत नव्हतं. आठवत होता तो ओला खांदा, खोबरेल आणि मीठ मिसळलेला वास, आणि आपण आता पडणार नाही अशी पोटातून आलेली खात्री. तशी खात्री पुढच्या आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. मुंबईतल्या चाळीसेक वर्षांत त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

मालवणची अडचण साधी होती. कसालकडून येणारी लाइन शेवटचे चारपाच मैल कोळंबच्या खाडीच्या अंगानं, समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडावर जात होती. तारेला खांबापासून वेगळं ठेवणारे चिनी मातीचे इन्सुलेटर उलट्या ठेवलेल्या कपांसारखे दिसत, आणि तिथली माणसं त्यांना कपच म्हणत. वारं त्या कपांवर मीठ आणून बसवी. थंडीच्या दिवसांत पहाटे दंव पडलं की मीठ ओलं होई, वीज त्या ओलीवरून खांबात उतरे, आणि सगळं मालवण काळोखात जाई. पावसाळ्यात तक्रार नसायची, कारण पाऊस ते मीठ फुकटात धुऊन टाकी. उरलेले आठ महिने ते माणसं धूत. खात्यानं रोजंदारीवर चार माणसं ठेवली होती. लाइन बंद करून ती एकेका खांबावर चढत, ओल्या फडक्यानं कप पुसत, मग कोरड्यानं पुसत, आणि उतरून पुढच्या खांबाकडे जात. शेवटचा खांब होईपर्यंत पहिल्यावर पुन्हा मीठ बसलेलं असे. दुसरा उपाय म्हणजे मोठ्या, खोल घेराचे इन्सुलेटर बसवायचे. ते तिप्पट महाग होते, पण त्यांना धुवावं लागलं नसतं. गुरुदासनं ठरवायचं होतं, की माणसं परवडतात की मोठे कप.

पहिल्या पहाटे डाकबंगल्यातून निघून तो खाडीच्या बाजूला गेला तेव्हा अजून फटफटत होतं. वर खांबावर कढईत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज चालला होता आणि कपांच्या कडेनं निळसर उजेड धावत होता. त्याला तो आवाज आवडला, हे त्याला मागाहून विचित्र वाटलं. खांबाखाली दोघं उभे होते. एक खात्याचा कायम नोकरीतला लाइनमन, पेद्रू, खाकी शर्टाच्या गळ्यातून क्रूस डोकावणारा, अबोल. दुसरा लवू. उघडी छाती, कमरेला दोरखंड, हातात दोन फडकी, डोक्याला पंचा. पेद्रूनं ओळख करून दिली ती अशी, "सायबानू, ह्यो आमचो लवू. पयलो पडावार होतो. डोलकाठयेर चडणारो." पडाव म्हणजे मालाची शिडाची गलबतं. लवूचं सगळं तरुणपण मंगळूरची कौलं आणि नारळ मुंबईला पोचवण्यात गेलं होतं. मग ट्रक आले. पडाव एकेक करून वाळूत ओढून ठेवले गेले ते कायमचेच, आणि डोलकाठीवर चढणारी माणसं रिकामी झाली. "मगे खांब इले," लवू म्हणाला. "खांबाक शीड नसता इतक्याच."

तिसऱ्या दिवशी जे झालं ते गुरुदासनं आपल्या अहवालात लिहिलं नाही. लिहायला रकाना नव्हता हे एक, आणि लिहिलं असतं तर पेद्रूची नोकरी गेली असती हे दुसरं. पेद्रूनं रोजच्यासारखी उपकेंद्राकडून लाइन बंद केल्याची चिठ्ठी घेतली होती. टेलिफोन वारंवार बंद असायचा, म्हणून अशा चिठ्ठ्या सायकलवरून जात आणि येत. लवूनं चढून तिन्ही कप पुसले. अगदी मन लावून, जसं कुणी देवघरातली भांडी पुसावीत. वरून ओरडून त्यानं पेद्रूला काहीतरी विचारलं, पेद्रूनं मान हलवली, लवू उतरला. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तारेला अडकवलेली साखळी पुढच्या टप्प्यावर लावायची होती, ती पेद्रूनं लवू उतरायच्या आतच काढून घेतली होती. लवू वाळूत उकिडवा बसला, त्यानं विडी काढली. काडी ओढली. आणि वर तारेत काहीतरी भरल्यासारखं झालं. त्याला आवाज म्हणता आलं नसतं. हवाच जरा घट्ट झाली. मग शेजारच्या खांबावर, जिथले कप अजून पुसायचे होते तिथं, मोहरी तडतडायला लागली. दुसरीकडच्या टोळीचा 'काम झालं' असा निरोप यांचा समजून उपकेंद्रातून कुणीतरी लाइन चालू केली होती. पेद्रूनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि तो तसाच, हात छातीशी धरून उभा राहिला. गुरुदासनं घड्याळाकडे पाहिलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. लवू उतरून दोन मिनिटं झाली नसतील. लवूनं मान वर करून तारेकडे बघितलं, विडीचा एक झुरका घेतला आणि म्हणाला, "आज वायच आधीच इली."

म्हणजे ती याआधीही आली होती. गुरुदास वाळूत बसला. ओली वाळू विजारीतून थंड लागत होती. त्यानं विचारलं तेव्हा त्याचा आवाज कचेरीतला होता, कोरडा आणि शुद्ध. "तुम्हाला भीती नाही वाटत?" लवूनं थोडा वेळ खरोखरच विचार केला. "डोलकाठयेर वाटायची," तो म्हणाला. "थय वारो आसता, तो दिसता. पाण्यार काळो पट्टो येता, मगे कळता आता इलो. ही दिसना नाय. जा दिसना नाय तेका भियाचा कसा?"

त्या संध्याकाळी ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातून पलीकडचे खांब बघायला जायचं होतं. गुरुदासनं बूट हातात घेतले. मधे एके ठिकाणी पाय मांडीपर्यंत खचला, आणि लवूनं काही न बोलता आपला खांदा पुढे केला. गुरुदासनं त्यावर हात टाकला. खांदा ओला होता, हाडं हाताला लागत होती. तोच वास, खोबरेल आणि मिठाचा. त्या वासानं त्याला इतकं दुबळं वाटलं की काठ आल्यावरही त्यानं हात लगेच काढला नाही. लवूला त्यात काही वेगळं वाटलं नसावं. तो वेगळ्याच विचारात होता. काठावर पाय धुता धुता तो म्हणाला, "सायबानू, पेद्रू सांगता, तुमी मोठे कप घालूक इलास."

"अजून काही ठरलेलं नाही."

"ते घातले काय धुवूचा लागणा नाय म्हणे."

"फारसं नाही लागणार."

"मगे आमी चौघा?"

गुरुदासनं बूट पायांत घालायला घेतले. लवू पायावरचा चिखल नखानं खरवडत होता. "असा करा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात गयावया नव्हती, सौदा ठरवणाऱ्या माणसाचा समजूतदारपणा होता. "लिवा, धुतल्यान बरां चलता. आमी आणखी बेगीन धुवतंव. रोज वाढवक नाय तरी चलात. मथुराक सांगतंय मी, माझे बायलेक. ती मासळी सुकवता, आमचा भागता."

"लवू, आज सकाळी काय झालं असतं, ठाऊक आहे ना?"

"जिवाचा काय ता मी बघीन," लवू म्हणाला. "तुमी पोटाचा बघा."

गुरुदास हे घेऊन मुंबईला परतला. दोन महिने तो अहवाल त्याच्या टेबलावर पडून होता. सरळ मांडलं तर उत्तर एकच येत होतं, आणि ते लवूच्या बाजूचं होतं. रोजाचा दर इतका कमी होता, की चार माणसं आणखी पंचवीस वर्षं खांबांवर चढत राहिली असती तरी ती मोठ्या कपांपेक्षा स्वस्तच पडली असती. त्यानं एकदा अपघाताचा खर्च धरून पाहिला. रोजंदारीवरच्या माणसाच्या जिवाची कायद्यानं जी भरपाई होती ती घातली, आणि बेरीज जवळजवळ हललीच नाही. दोन माणसं मेली असं धरलं तरी माणसंच स्वस्त होती. कागदावरचे ते आकडे आपल्याच अक्षरात बघून त्यानं टाक खाली ठेवला. दिघेसाहेबांनी कच्चा मसुदा चाळला आणि ते खेकसले नाहीत, उलट मायेनंच म्हणाले, "गुरुदास, आपल्याकडे माणूस स्वस्त आहे, पोर्सेलीन महाग आहे. हे तुम्ही-मी केलेलं नाही. परदेशातले लेख वाचून अहवाल लिहू नका." साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. गुरुदासलाही तेच येत होतं, तो तेच शिकला होता. पण डोळे मिटले की ती दोन मिनिटं येत. आणि गंमत अशी की त्यांत लवू दिसत नसे. दिसायची ती अजून ओढलीच नसलेली काडी, आणि वर, तिन्ही कपांच्या मधे, पुसत बसलेला कुणीतरी, ज्याचं तोंड काही केल्या आठवत नव्हतं.

शेवटी त्यानं बर्फाचा आधार घेतला. मालवणला बंदरावर एक बर्फाचा कारखाना नुकताच निघाला होता. वीज गेली की बर्फ होत नाही, बर्फ नाही म्हणजे मासळी सडते. कारखान्याच्या मालकानं नुकसानीचा जो अंदाज लिहून दिला होता तो उघड उघड फुगवलेला होता. गुरुदासनं तो तिथंच, मालकाच्या तोंडावर, हसून बाजूला ठेवला होता. आता त्यानं तोच काढला आणि जसाच्या तसा तक्त्यात घातला. एका रकान्यानं सगळी बेरीज उलटी झाली. मोठे कप स्वस्त ठरले. शेवटची ओळ त्यानं एका झटक्यात लिहिली. चार माणसांचा जीव बर्फाच्या लाद्यांआड लपवून त्यानं तो अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला, आणि साहेबांनी, बर्फ हा समजण्यासारखा विषय असल्यामुळे, सही केली.

त्या संध्याकाळी गिरगावातल्या दोन खोल्यांत सुगंधा तांदूळ निवडत बसली होती. त्याची बायको मालवणजवळच्या पेंडूरची. चाळीत सगळ्यांशी शुद्ध बोले, घरात मालवणी. त्यानं बऱ्याच वर्षांनी तिला कामातलं काही सांगितलं. कप, मीठ, ती सकाळ, आणि आपण काय केलं ते. सांगताना आपण चांगलं केलं असंच त्याला वाटत होतं, निदान तिनं तसं म्हणावं असं वाटत होतं. तिनं तांदळातला खडा काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"तुमी त्येका इचारलात?"

"विचारलं. म्हणजे त्यानंच सांगितलं आपणहून."

"काय सांगल्यान?"

"धुवायचंच राहू द्या म्हणाला."

"आणि तरी तुमी असा केलात."

"सुगंधा, तो मेला असता."

"मेलो असतो की नसतो, देवाक म्हायत," ती म्हणाली. रागानं नव्हे, तिचाही आवाज दमलेला होता. "तुमका झोप लागाक होयी म्हणान केलात तां." मग सूप उचलून ती आत गेली. त्याला राग आला, पण तो पुरा वर येण्याआधीच विरून गेला. राग टिकवण्याइतकं बळही हल्ली राहिलं नव्हतं. आणि झोप म्हणाल तर ती त्यानंतर खरोखरच लागू लागली होती. हे त्याला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त बोचलं.

मोठे कप पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी बसले. दिवाळीच्या सुमारास पेद्रूचं कार्ड आलं. त्यात इतकंच होतं, की लाइन आता पडत नाही, साहेबांचे उपकार आहेत, धुणाऱ्या टोळीला कमी केलं, आणि साहेबांनी तब्येतीस जपावं. कार्डात टोमणा होता की नाही हे त्यानं चारपाच वेळा वाचून शोधलं. नव्हता. पेद्रू तसा माणूसच नव्हता. त्यानं कार्ड खणात ठेवलं, उत्तर लिहू लिहू म्हणता ते राहून गेलं, आणि आज सदुसष्टच्या फेब्रुवारीत, सव्वाअकराला, दाराखाली ते पाय आले होते.

दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली. व्हरांड्यातून डब्यांचा वास येऊ लागला. दाराखालचे पाय एकदा चपलांतून बाहेर आले, एकमेकांवर घासले गेले, पुन्हा चपलांत गेले. काय म्हणेल तो? शिव्या देईल? देत नाहीत ती माणसं. रडेल? गुरुदासनं मनातल्या मनात त्याच्या वतीनं सगळं बोलून पाहिलं, आणि स्वतःच्या वतीनं उत्तरं दिली. प्रत्येक उत्तर बरोबर होतं. तुम्ही जिवंत आहात, हे एकच उत्तर पुरेसं होतं. पण ते तोंडावर, दिवसाढवळ्या, बाकावर एक तास बसवून ठेवलेल्या माणसाला म्हणता येईल असं नव्हतं. त्यानं घंटी वाजवली.

लवू आत आला. अंगात सदरा होता, बाह्या लांब, कुणा दुसऱ्याचा असावा. केस पुरे पांढरे झाले होते. "सायबानू, वळाखलास मां?"

"ओळखलं. बसा. फार वेळ बसावं लागलं तुम्हाला."

"बाकार पंखो होतो. बरां वाटला." तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

"घरी सगळं? मथुराबाई?"

"बरी आसा. आता लायट जायत नाय, सायबानू. पंधरा पंधरा दिस जायत नाय. आमच्या वाडयेतय इली, माझ्या घराक एक दिवो आसा." त्यानं हे अभिमानानं सांगितलं, जणू त्यात आपलाही काही वाटा असल्यासारखं. "रातचा मथुरा ताच्या उजेडात जाळी विणता. बरी आसा लायट."

गुरुदास वाट बघत राहिला. पुढचं वाक्य येणार होतं ते येत नव्हतं. शेवटी त्यानंच विचारलं, "आणि तुमचं काम?"

"गेला." लवूनं हात हवेत जरासा उघडला. "मुंबयत येवन तीन आठवडे झाले. लालबागाक आमच्या गावकऱ्यांची खोली आसा, थय पडतंय. डॉकात एक कंत्राटदार आसा, तो बोटींक रंग लावता. तेका उंचार चडणारे गडी होये. माका बघून तो म्हणालो, म्हाताऱ्या, तू पडशीत. मी सांगलंय, मी आयुष्यात पडाक नाय. तो म्हणालो, सरकारी कागद घेवन ये." त्यानं टेबलाकडे, टाकाकडे, शिक्क्याकडे बघितलं. "म्हणान इलंय."

एवढंच होतं. गुरुदासच्या छातीतून एक श्वास सुटला आणि त्या सुटण्याचीच त्याला लाज वाटली. त्यानं कोरा कागद ओढला आणि मराठीत, स्वतःच्या अक्षरात, लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता हात वेगानं चालू लागला. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. शब्द आपले आपण येत होते. लिहून झाल्यावर त्यानं ते मोठ्यानं वाचलं. "श्री. लवू, राहणार कोळंब, यांनी खात्याच्या लाइनवर चार हंगाम खांबांवर चढून इन्सुलेटर धुण्याचे काम अत्यंत विश्वासूपणे केले. ते काम बंद झाले यात त्यांचा कोणताही दोष नाही. ते मी लिहिलेल्या अहवालामुळे बंद झाले. तसे करू नये असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते. मी त्यांचे ऐकले नाही."

वाचून झाल्यावर त्यानं वर पाहिलं. लवू कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, एखाद्या परक्या बंदराची वाट समजून घ्यावी तसा.

"ह्यां तुमी कोणाक सांगतास?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"त्या कंत्राटदाराक ह्यां वाचून काय करूचा? तेका इतक्याच होया, ह्यो माणूस पडात की नाय."

"पण हे खरं आहे, लवू. मी खरं ते लिहिलं."

"खरा आसा मां," लवू शांतपणे म्हणाला. "मी खंय नाय म्हणतंय? त्या दिसांत माका राग इल्लो तुमचो. मगे गेलो. राग धरून काय करू? पण ह्यां माझ्या कामाक येवचा नाय. ह्यां तुमच्याकडेच ऱ्हवांदे. माका दुसरो लिवन द्या. इंग्लिशीत."

गुरुदासनं कागद उलटा करून बाजूला ठेवला. खिडकीखालून एक ट्रक गेला आणि तावदानं थोडा वेळ थरथरत राहिली. त्यानं दुसरा कागद घेतला. इंग्रजीत चार ओळी लिहायच्या होत्या, टायपिस्टला त्या द्यायच्या होत्या, शिक्का मारायचा होता. अवघड काहीच नव्हतं.

"वय किती लिहू?" त्यानं विचारलं.

लवूनं त्याच्याकडे नीट बघितलं, पांढऱ्या भुवया, चष्मा, बाहीवरचा शाईचा डाग. "तुमचा किती?"

"त्रेपन्न."

"माझाय तितक्याच आसतला," लवू म्हणाला. "पण पंचेचाळीस लिवा."

गुरुदासनं पंचेचाळीस लिहिलं. टायपिस्टनं दहा मिनिटांत कागद आणून दिला. गुरुदासनं सही केली, शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत कागद टेबलावरच राहू दिला. लवू त्या जांभळ्या गोलाकडे बघत होता. "वाचून दाखया," तो म्हणाला. "तेनी इचारल्यान तर माका सांगाक होया, आत काय आसा तां."

गुरुदासनं चष्मा सारखा केला. इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला तोंड उघडलं तेव्हा मराठी शब्द आले नाहीत, त्यांच्या मागचे मालवणी आले, जे तो सुगंधाशीसुद्धा बोलत नसे. "ह्यो माणूस उंचार चडता," तो हळूहळू म्हणाला. "चार वर्सां आमच्या खांबांर चडलो. मनापासून काम केल्यान. एकदाय पडाक नाय."

"हां," लवू म्हणाला. "ह्यां बरोबर." त्यानं कागद उचलला, शिक्क्यावर दोनदा फुंकर घातली, चार घड्या केल्या, आणि तो उठला.